मिरजेतल्या युरॉलॉजिस्टचा (मूत्रविकाराच्या डॉक्टरांचा) अनुभव (वय ५८, लाज बाजूला ठेवून लिहितोय)

४ स्टार. एक का कापला ते शेवटी सांगतो.

दीड-दोन वर्षं झाली, ताठरपणा नीट येईना, आला तर टिकेना. वय झालं म्हटलं, पोरीचं लग्न झालं, नातू झाला, आता काय त्याचं एवढं, असं म्हणून गप्प बसलो. आमची ही पण काही बोलली नाही, पण मी रात्री मुद्दाम उशिरापर्यंत टीव्हीपुढं बसायला लागलो ते तिला कळत नव्हतं थोडंच. मग भिंतीवर रंगवलेली जाहिरात बघून एका ठिकाणी गेलो, नाव घेत नाही. त्यानं नाडी बघितली, तरुणपणीच्या हस्तमैथुनामुळं झालंय म्हणाला आणि चूर्ण अन् तेलाचे मिळून साडेसात हजार घेतले. ५८ व्या वर्षी मला अठराव्या वर्षाचा हिशोब मागतोय बघा. चूर्णानं गुण आला पण सोबत तोंड लालबुंद आणि डोकं ठणकायचं, म्हणून बंद केलं.

शेवटी मिरज. दवाखान्यांचं गाव, मिशनचा दवाखाना काढणाऱ्या वॉनलेस साहेबांच्या काळापासनं लोक कुठनं कुठनं येतात आणि मला सांगलीतनं जायला दोन वर्षं लागली. ओळखीचं कोण नको म्हणून तिकडं गेलो तर बसमध्येच व्याही भेटले, ते जाऊ दे.

डॉक्टर तरुण आहेत पण घाई करत नाहीत. पहिलाच प्रश्न, काका सकाळी उठताना ताठरपणा असतो का? आणि हे अचानक झालं का हळूहळू? अचानक झालं आणि सकाळचा शाबूत असला तर बहुतेक टेन्शनचा भाग, हळूहळू कमी होत सकाळचा पण गेला तर रक्तवाहिन्या नाहीतर नसा तपासायला पाहिजेत. माझं दुसरं निघालं.

माझी तासगावकडं द्राक्षबाग आहे म्हटल्यावर त्यांनी ठिबकवर समजावलं. तिथल्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चारच्या. वयानं, साखरेनं, तंबाखूनं आतनं थर धरायला लागला की आधी ड्रिपर चोकअप होतो, मेन लाईनचं नंतर कळतं. म्हणजे हा त्रास कधी कधी हार्टच्या दुखण्याआधी दोन-चार वर्षं दिसतो. मी म्हटलं मग ठिबक साफ करायला सोडतो तसं ॲसिड सोडायचं काय, तर हसले आणि तंबाखूची पुडी टेबलावर ठेवा म्हणाले. ठेवली.

तपासण्या एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), कोलेस्टेरॉल, ईसीजी, आणि सकाळी उपाशीपोटी टेस्टोस्टेरॉन. ते हार्मोन चाळिशीनंतर दरसाल साधारण १ टक्का उतरतं म्हणे, माझं वयाच्या मानानं ठीक होतं. पण एचबीएवनसी ८.१. शुगर! मला पत्ताच नाही. गेलो होतो एका गोळीसाठी आणि डायबेटिस घेऊन आलो.

दुसऱ्या वेळी हिलाही बोलावलं, ते मला सगळ्यात आवडलं. वयानं काय बदलतं ते दोघांपुढं सांगितलं, पंचविशीत नुसतं बघून व्हायचं ते आता स्पर्शाशिवाय होत नाही, वेळ जास्त लागतो, एकदा झालं की पुन्हा व्हायला अख्खा दिवस पण जाऊ शकतो, याला आजार म्हणत नाहीत. नेहमीच पुरेसा येईना किंवा टिकेना तो आजार, आणि त्याला फक्त वय हे कारण नसतं. ही गाडीत म्हणाली, मला वाटलं मीच आवडेनाशी झाले. यावर मी काय बोलणार.

आता शुगरची गोळी, रोज आमराईत चालणं, तंबाखू बंद (दोनदा चुकलो), आणि लागेल तेव्हा सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध). तासभर आधी घ्यायची, मटणाचं जेवण झाल्यावर घेतली तर उशिरा लागते, आणि मनात इच्छा नसली तर काहीच होत नाही. छातीसाठी सॉर्बिट्रेट किंवा तसली गोळी चालू असणाऱ्यानं सिल्डेनाफिलला हातच लावायचा नाही, बीपी एकदम कोसळतं, जिवावर बेतू शकतं. त्या चूर्णाचं सांगितलं तर म्हणाले देशी म्हणून विकतात त्यात कितीदा हेच औषध मिसळलेलं सापडलंय. बीपीच्या काही गोळ्यांनी पण हा त्रास होतो, पण मनानं बंद करू नका, डॉक्टरला सांगून बदलून घ्या.

तीन महिन्यांत एचबीएवनसी ६.९ वर आलं. बाकीचं पहिल्यासारखं नाही पण बरं आहे, टीव्ही दहाला बंद होतो.

फी ६००, नंबर लावूनही दोन तास बसावं लागतं, पार्किंग नाही. आणि तो एक स्टार काउंटरवरच्या ताईंचा. पंधरा माणसांपुढं मोठ्यानं विचारलं, काका काय त्रास आहे? मी म्हटलं मुतखडा. माझ्या पुढच्या दोघांनी पण मुतखडाच सांगितला होता. परवा फॉलोअपला गेलो तर लांबनंच ओरडल्या, काका, पडला का खडा?