घर ते गॅरेज वीज: केबल थेट पुरावी की पाइपातून न्यावी?

घरापासून सुटं असलेल्या गॅरेजला जमिनीखालून वीज न्यायची, तर चर एकदाच खणला जातो. मग तो बुजतो, त्यावर काँक्रीट पडतं, फरशी बसते, झाडं लागतात. त्यामुळे केबल किती जाडीची घ्यायची हे ठरवण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर शोधा: उद्या ही केबल बदलावी लागली, तर पुन्हा खणावं लागेल का? खालचे पर्याय मी मुख्यतः याच प्रश्नावर पारखले आहेत.

थेट पुरलेली आर्मर्ड केबल

हिच्या बाजूने बरंच बोलता येईल. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मध्ये जोड नाही. पोलादी कवच कुदळीचा ओझरता घाव झेलतं. भोवतालची माती केबलची उष्णता ओढून घेते, त्यामुळे त्याच जाडीची केबल पाइपातल्यापेक्षा थोडा जास्त करंट पेलते. चराच्या तळाला खडे वेचलेल्या वाळूचा ७५ मिमीचा थर, त्यावर केबल, पुन्हा वाळू, वर विटा किंवा केबल कव्हर आणि मग माती. माती भरताना वरच्या बाजूला धोक्याची पट्टी टाकायची, म्हणजे पुढे कुणी खणलं तर केबलच्या आधी पट्टी हाताला लागेल. वळणावर केबल काटकोनात मोडू नका. वाकवण्याची त्रिज्या केबलच्या बाहेरच्या व्यासाच्या साधारण १२ पट ठेवावी लागते.

काम बिघडतं ते टोकांना. ग्लँड (केबल बॉक्सला कसून धरणारा जोड) घट्ट बसला नाही किंवा बॉक्सचा रंग न खरवडता कसला, तर कवच अर्थिंगला फक्त दिसायला जोडलेलं राहतं. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि फॉल्टच्या वेळी एमसीबी (आपोआप पडणारा सुरक्षा स्विच) वेळेवर पडत नाही.

मुख्य उणीव मात्र वेगळी आहे. केबलची जाडी आज ठरली ती ठरली. गॅरेजमध्ये आज दोन दिवे आणि एक ड्रिल मशीन आहे म्हणून बारीक केबल पुरली आणि पुढे इलेक्ट्रिक गाडी आली, की चर पुन्हा उघडावा लागतो.

पाइपातून केबल

बदल करायला इथेच वाव मिळतो, पण पाइप विचार करून टाकला असेल तरच. घाईत टाकलेल्या पाइपातून दुसरी केबल कधीच जात नाही.

पहिला मुद्दा व्यासाचा. तीन किंवा जास्त तारा असतील तर पाइपाच्या आतल्या क्षेत्रफळाच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नये, असं अमेरिकेचा वीज-संकेत एनईसी सांगतो. हा आकडा पाळूनही केबल अडकू शकते. सारख्या जाडीच्या तीन तारा असतील आणि पाइपाचा आतला व्यास एका तारेच्या तिप्पट असेल, तर भरण ३३ टक्केच होतं, म्हणजे नियमात बसतं. पण बेंडवर त्या तिन्ही तारा एका रांगेत येतात आणि पाचरीसारख्या रुततात. हे गुणोत्तर २.८ ते ३.२ च्या मध्ये येत असेल, तर सरळ एक माप मोठा पाइप घ्या. खरं तर हिशेबाने ३२ मिमी पुरत असेल तिथेही मी ५० मिमीचाच सुचवेन. खोदाईच्या खर्चापुढे पाइपातला तो फरक किरकोळ असतो.

दुसरा मुद्दा बेंडचा. दोन ओढण्याच्या जागांमध्ये सगळी वळणं मिळून ३६० अंशांच्या वर जाऊ नयेत, म्हणजे काटकोनातले चार बेंड. ही मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे. घर्षणाचा गुणांक ०.३५ धरला तर प्रत्येक ९० अंशांच्या वळणाला ओढायचा जोर सुमारे पावणेदोन पट होतो. दोन वळणांनंतर तो तिप्पट आणि चार वळणांनंतर नऊपट. नळाचे आखूड एल्बो इथे चालत नाहीत, लांब त्रिज्येचे बेंडच घ्या. घराशी एक वर येणारा, गॅरेजशी एक वर येणारा, असे दोनच बेंड राहतील अशी चराची आखणी केलीत, तर पुढे कधीही केबल बदलता येईल. तिसरं वळण टळत नसेल तर तिथे चेंबर करा, म्हणजे केबल ओढता येईल असा झाकणाचा खड्डा.

तिसरा मुद्दा पाण्याचा. सांधे कितीही नीट चिकटवले तरी जमिनीखालच्या पाइपात पाणी येतंच. बाहेरून झिरपलं नाही तरी आतल्या हवेतला दमटपणा गार भिंतीवर जमतो. म्हणून आतली केबल ओल्या जागेसाठी बनवलेलीच हवी. पाइपाला चेंबरकडे किंवा गॅरेजकडे हलका उतार द्या आणि घराकडचं तोंड डक्ट सीलने बुजवा, नाहीतर पाणी थेट डीबीत, म्हणजे स्विचांच्या वितरण पेटीत, येईल.

पाइप कशाचा? पीव्हीसी गंजत नाही, कापायला सोपा असतो. पण तापमानातल्या दर अंशाला तो मीटरमागे सुमारे ०.०६ मिमी लांबतो-आखडतो. पुरलेल्या भागाला याचा फार त्रास नाही. खरा धोका जमिनीतून वर येणाऱ्या उभ्या तुकड्याला आहे. भरलेली माती पावसाळ्यात खचते, पाइप खाली ओढला जातो आणि भिंतीवरचा बॉक्स तडकतो. तिथे सरकणारा एक्सपान्शन जोड बसवा. एचडीपीई (लवचिक प्लास्टिकचा पाइप) गुंडाळीत मिळतो, लांब अंतरात सांधे वाचतात, पण तो चरात सरळ पसरायला कष्ट पडतात. नागमोडी राहिला तर त्या छोट्या वळणांचाही ओढीवर परिणाम होतो.

जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप मजबूत, आणि एनईसीनुसार तो बागेत १५० मिमी खोलीवरही चालतो, जिथे पीव्हीसीला ४५० मिमी आणि थेट पुरलेल्या केबलला ६०० मिमी लागतात. मात्र घराच्या गाडीरस्त्याखाली तिघांनाही ४५० मिमीच सांगितलेत, म्हणजे गॅरेजकडे जाणाऱ्या वाटेवर जीआयचा फायदा संपतोच. शिवाय तो गंजतो. जाणारी आणि परतणारी तार एकाच लोखंडी पाइपातून न्यावी लागते, नाहीतर पाइपच तापतो. भारतीय मानक आयएस १२५५ कमी दाबाच्या केबलला ७५० मिमी खोली सांगतं. तुमच्या ठिकाणचा नियम जो असेल तोच पाळायचा.

केबलची जाडी

समजा अंतर ३० मीटर आहे आणि ७.४ किलोवॅटचा गाडीचा चार्जर लावायचा आहे. २३० व्होल्टवर तो ३२ अँपिअर घेतो. ६ चौरस मिमी तांब्याच्या केबलमध्ये वाटेतच सुमारे ७ व्होल्ट कमी होतात, म्हणजे ३ टक्के. १० चौरस मिमीमध्ये ४ व्होल्टच्या आसपास. चार्जर तासन्‌तास चालतो, त्यामुळे मी १० चीच बाजू घेईन. ॲल्युमिनियम घेणार असाल तर १६. गॅरेजच्या छतावर पुढे सोलर बसवायचा विचार असेल तर जाड केबलचा आणखी एक उपयोग आहे. तेव्हा करंट उलट वाहतो, गॅरेजकडचा व्होल्टेज वाढतो आणि बारीक केबल असेल तर भर उन्हात सोलरचा इन्व्हर्टर ट्रिप होत राहतो.

घराच्या डीबीतून की मीटरपाशी वेगळी लाईन?

घराच्या डीबीतून घेणं सोपं. पण गॅरेजचा भार घराच्या मेन स्विचवर येतो. तो पेलेल का, हे आधी बघा. मीटरपासून वेगळी लाईन काढली तर घराचा मेन पाडूनही गॅरेज चालू राहतं. ज्याला तिथे वर्कशॉप चालवायचं आहे त्याने हाच मार्ग धरावा. घराच्या डीबीतून नेलेल्या लाईनच्या बाबतीत गॅरेजच्या डीबीत न्यूट्रल आणि अर्थिंग पुन्हा एकत्र जोडू नका. जोडलं तर परतीचा करंट वाटला जातो आणि तो अर्थिंगच्या तारेतून, कवचातून, कधी धातूच्या दरवाजातूनही वाहतो. गॅरेजला त्याचा स्वतःचा मेन स्विच असलाच पाहिजे.

त्याच चरात, फूटभर अंतर ठेवून, डेटासाठी दुसरा पाइप टाका. त्यातून फायबर न्या. तांब्याच्या नेटवर्क केबलवर दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक आणि विजेचा झटका, दोन्ही येऊ शकतात.

मग कुणी काय घ्यावं

गॅरेजचा वापर दिवे, पंखा, शटरची मोटर एवढाच राहणार आणि वरची जमीन मोकळी असेल, तर आर्मर्ड केबल थेट पुरा. ती चांगली टिकते. वर काँक्रीट येणार असेल, किंवा पुढच्या वापराबद्दल शंका असेल, तर ५० मिमीचा पाइप आणि आत एक ओढदोरी कायमची. माती खडकाळ असेल आणि चर खोल जात नसेल, तर आर्मर्ड केबलच पाइपात घाला. हा मधला मार्ग थोडा महाग पडतो, पण तिथे मला तोच योग्य वाटतो.

माती ढकलण्याआधी दोन कामं उरकून घ्या. उघड्या चराचे फोटो काढा, भिंतीपासूनचं अंतर मोजपट्टीने फोटोत दिसू द्या. आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) इन्सुलेशन तपासा, माती भरल्यावर पुन्हा तपासा. नव्या केबलचा आकडा १ मेगाओहमपेक्षा पुष्कळ वर यायला हवा. दुसऱ्या वेळी तो घसरला, तर भरताना केबलला काहीतरी लागलंय, आणि माती अजून भुसभुशीत आहे तोवरच ते शोधून काढा.