दोन पिल्ले, तीन पट्टे आणि तांदळाच्या दाण्याएवढी चिप

मांजराच्या पिल्लाला पट्टा घेताना प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा काटा हाताशी असावा, असे कोणत्याही दुकानदाराने मला सांगितले नाही. एक पट्टा कात्रीने कापून फेकावा लागला तेव्हा कुठे ते उमगले. गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या पावसात कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्कूटरच्या पायदानावर अंग चोरून बसलेली, साधारण सात आठवड्यांची दोन पिल्ले सापडली. कपाळावर काळा ठिपका असलेली भाटी ती टिकली आणि तिचा पिवळा भाऊ तो बंड्या. त्या दोघांसाठी आजवर घेतलेले पट्टे आणि प्राण्यांच्या एका दवाखान्यात करून घेतलेली मायक्रोचिपची, म्हणजे ओळखीसाठी कातडीखाली बसवायच्या चिपची, सेवा यांविषयीचा हा अभिप्राय आहे. ज्यांच्याकडे मी तक्रार करण्याजोगे काही अनुभवले, त्यांची नावे घेणार नाही. तसेही जे घडले ते बऱ्याच ठिकाणी घडत असावे.

पहिला पट्टा घरच्या उत्साहातून आला. लाल रेक्झिन, कमरेच्या पट्ट्याला असते तसे स्टीलचे बकल, पितळी घुंगरू, किंमत 70 रुपये. शेवटच्या भोकात अडकवूनही तो टिकलीच्या मानेला सैल होत होता, म्हणून ह्यांनी खिळा तापवून आणखी एक भोक पाडले. तिसऱ्या रात्री घुंगराचा आवाज एकदम चमत्कारिक येऊ लागला. दिवा लावला तर टिकली पाठीवर पडून पुढचे दोन्ही पाय तोंडाशी झाडत होती. छाती चाटण्यासाठी मान खाली घातली असताना तिचा खालचा जबडा पट्ट्यात शिरला होता आणि घोड्याच्या तोंडात लगाम असावा तसा तो पट्टा तिच्या तोंडात घट्ट बसला होता. बकल उघडायचे तर आधी पट्टा आणखी आवळावा लागतो, हे त्या रचनेतले वैगुण्य तेव्हाच ध्यानात आले. एकाने टॉवेलात गुंडाळून धरले आणि दुसऱ्याने कात्री चालवली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितले तर त्यांना मुळीच आश्चर्य वाटले नाही. जबडा अडकला तर निदान लगेच कळते, ते म्हणाले. पुढचा पाय पट्ट्यातून बाहेर येऊन पट्टा काखेत रुतला आणि मांजर दोन-चार दिवस घराबाहेर राहिले, तर काखेतली ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. असल्या पट्ट्याला पाचापैकी शून्य गुण, आणि तो पिल्लांच्या मापाचा म्हणून विकणाऱ्या दुकानालाही तेवढेच.

डॉक्टरांनी त्या दिवशी जे सांगितले त्याच्याशी मी आता पूर्ण सहमत आहे: जे पिल्लू घराबाहेर पडतच नाही, त्याला चार महिन्यांपर्यंत पट्टा घालू नये. या वयात मान इतक्या वेगाने भरते की आज नीट बसलेला पट्टा पंधरा-वीस दिवसांत आवळू लागतो, आणि तो आवळू नये म्हणून सैल ठेवावा तर जबडा किंवा पाय आत शिरतो. दोन्हींच्या मधले माप पिल्लाच्या अंगावर फार दिवस टिकत नाही. आम्हीही ऑगस्ट संपेपर्यंत थांबलो.

दुसऱ्या खेपेला ऑनलाइन तीन पट्ट्यांचे पाकीट मागवले, 349 रुपयांना. हे नायलॉनचे, एक सेंटिमीटर रुंदीचे, आणि ओढ बसली की आपोआप सुटणाऱ्या बकलाचे, ज्यांना विक्रेते ब्रेकअवे म्हणतात. पट्टा खिडकीच्या गजाला किंवा फांदीला अडकला तर मांजराच्या स्वतःच्या वजनाने बकल सुटावे आणि मांजर मोकळे व्हावे, ही त्यामागची कल्पना. पाकिटावर तसे छापले होते, पण किती ओढीला सुटणार याचा आकडा कुठेही नव्हता. म्हणून बकल लावलेला पट्टा दाराच्या कडीत अडकवला, त्याच्या खालच्या बाजूला बॅगा तोलण्याच्या काट्याचा हूक घातला आणि सावकाश खाली ओढत गेले. हिरवा पट्टा 1.3 किलोला सुटला, निळा 1.6 किलोला आणि पिवळा तब्बल 3.8 किलोला. प्रत्येकी तीनदा ओढून पाहिले. आकड्यांत फारसा फरक पडला नाही. त्या दिवशी टिकलीचे वजन 1.7 किलो होते. म्हणजे एकाच पाकिटातले, दिसायला हुबेहूब सारखे असलेले दोन पट्टे तिला सोडवणार होते आणि तिसरा तिला लटकत ठेवणार होता. पिवळा पट्टा परत करण्याची सोय नव्हती, कारण पाकीट अखंड परत करायचे अशी अट होती. तो आता खिडकीचा पडदा बांधायला वापरतो. एरवी पट्ट्याची शिवण चांगली आहे, अंधारात चमकणारी पट्टी खरोखरच चमकते, आणि पाण्याने रंग जात नाही. पण ज्या एका गुणासाठी तो घ्यायचा, त्याचीच खात्री कारखान्यात होत नसेल तर मी तीनहून अधिक गुण देऊ शकत नाही.

इलॅस्टिकचा ताणणारा पट्टाही सुरक्षित म्हणूनच विकला जातो. तो मी मुद्दाम घेतला नाही. जो पट्टा डोके बाहेर येण्याइतका ताणतो, त्यातून पुढचा पायही सहज आत जातो, आणि एकदा पाय गेला की तोच ताण काखेत बसतो.

घालण्याच्या पद्धतीबद्दल थोडे. पट्टा आणि मान यांत एक बोट सहज आणि दुसरे थोड्या प्रयत्नाने जावे, एवढीच जागा ठेवावी आणि दर रविवारी ती पुन्हा पाहावी. घुंगरू आम्ही पहिल्याच दिवशी काढून टाकले. घरात राहणाऱ्या मांजराच्या कानाशी दिवसभर ते वाजत ठेवण्यात मला काही अर्थ दिसत नाही. लोंबणारा धातूचा बिल्लाही नको, कारण कबुतरांसाठी लावलेल्या जाळीत पहिल्यांदा तोच अडकतो. त्याऐवजी पट्ट्यावरच न पुसणाऱ्या शाईने मोबाइल नंबर लिहिला आणि महिन्यातून एकदा त्यावरून पुन्हा पेन फिरवते. मांजराचे नाव लिहिण्यात जागा घालवू नये. ज्याला ते सापडेल त्याला नंबर हवा असतो. अॅपलचा एअरटॅग, म्हणजे हरवलेल्या वस्तू शोधण्याची छोटी चकती, लावावा असे भाच्याने सुचवले होते. तो अकरा-बारा ग्रॅमचा आहे, जवळपास कुणाचा आयफोन असेल तरच ठिकाण कळवतो, आणि तो वस्तूंसाठी आहे, पाळीव प्राण्यांसाठी नाही, असे खुद्द कंपनीच सांगते. पावणेदोन किलोच्या जिवाच्या गळ्यात मी तो बांधला नाही. आणखी एक सूचना, जी दुकानात क्वचितच मिळते: कुत्र्यांसाठीचा गोचीड-पिसवांचा पट्टा किंवा औषध मांजराला कधीही लावू नये. त्यांतल्या काहींमध्ये असणारे परमेथ्रिन मांजरांच्या जिवावर बेतते.

पट्टा मांजरे ठेवतच नाहीत, हा समज मात्र मला अनुभवाने सोडावा लागला. अमेरिकन पशुवैद्यकांच्या संघटनेच्या नियतकालिकात 2010 साली आलेल्या एका अभ्यासात 538 मांजरांना निरनिराळ्या प्रकारचे पट्टे घातले होते. सहा महिन्यांनंतर त्यांपैकी 391 मांजरांच्या, म्हणजे जवळजवळ तीन-चतुर्थांश मांजरांच्या बाबतीत पट्टा यशस्वी ठरला होता. पाय, जबडा किंवा पट्टाच कुठेतरी अडकण्याचे प्रसंग 18 मांजरांच्या बाबतीत घडले. आमच्याकडे टिकली दोन दिवसांत पट्टा विसरली. बंड्या आठवडाभर मागे-मागे चालत राहिला, जणू पट्ट्यातून उलट्या पावली निसटता येईल.

आता चिपविषयी. साडेपाच महिन्यांच्या सुमारास दोघांची नसबंदी ठरली, तेव्हा त्याच भुलीत चिप बसवून घ्यायचे आम्ही ठरवले. चिप म्हणजे 12 मिलिमीटर लांब आणि 2 मिलिमीटर जाड अशी काचेची बंद नळी, साधारण तांदळाच्या दाण्याएवढी. तिला बॅटरी नसते आणि ती मांजर कुठे आहे हे सांगत नाही; स्कॅनर जवळ आणला की त्याच्या लहरींवर ती तेवढ्यापुरती जागी होते आणि 15 अंकी क्रमांक कळवते. खांद्यांच्या मधोमध कातडीखाली ती सोडतात, आणि त्यासाठीची सुई लशीच्या सुईपेक्षा बरीच जाड असते. जागेपणीही हे काम क्षणात होते, पण ती सुई पाहिल्यावर भूल असतानाच ते उरकल्याचे मला बरे वाटले. दोघांचे मिळून 2,400 रुपये झाले, नसबंदीचे वेगळे.

टोचण्याआधी पाकिटातली चिप एकदा स्कॅन करून दाखवा, असे मी म्हटले तेव्हा मदतनीस जरा नाराज झाला, पण डॉक्टरांनी ताबडतोब ते केले. स्कॅनरच्या छोट्या पडद्यावर उमटलेले अंक आणि पाकिटातल्या चिकटपट्टीवरचे अंक आम्ही दोघांनी मोठ्याने वाचून ताडून पाहिले; टोचल्यानंतर पुन्हा एकदा, आणि मग ती चिकटपट्टी लसीकरणाच्या वहीत लावली. क्रमांक 9 ने सुरू होत होता. पहिले तीन अंक देशाचेच असतात असे अनेकांना वाटते. ते देशाचेही असू शकतात, भारताचा संकेतांक 356 आहे, पण 9 ने सुरू होणारे संकेतांक चिप बनवणाऱ्या कंपनीचे असतात. हात आणि यंत्र दोन्हींना पूर्ण गुण. वर सांगितलेल्या अभ्यासात सहा महिन्यांच्या अखेरीस तपासलेल्या 478 चिपांपैकी 477 चालू होत्या, त्यामुळे वस्तू म्हणून तिच्यावर माझा विश्वास आहे.

सेवेचे गुण मात्र इथून घसरतात. क्रमांकासमोर आपले नाव आणि फोन कंपनीच्या नोंदवहीत चढवला गेला नाही, तर ती चिप म्हणजे पत्ता न लिहिलेले पाकीट. दवाखान्याने आमच्याकडून अर्ज भरून घेतला आणि दोन दिवसांत नोंद होईल असे सांगितले. दोन महिन्यांनी मी स्वतः कंपनीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून पाहिला, तर टिकलीची नोंदच नव्हती आणि बंड्याच्या नोंदीत फोनचा एक अंक चुकलेला होता. विचारले तर उत्तर मिळाले, “मॅडम, अजूनपर्यंत कुणी विचारलं नव्हतं.” मी ती नोंद घरी बसून वीस मिनिटांत केली. त्याच सुमारास परिसरातल्या आणखी तीन दवाखान्यांत चौकशी केली, की सापडलेले मांजर आणले तर तुम्ही स्कॅन करता का. एकाकडे स्कॅनर नव्हता, एकाकडे होता पण त्याची बॅटरी उतरलेली होती, आणि एकानेच तो काढून चालवून दाखवला.

दुसरी चूक अधिक महाग पडली, आणि तिच्यात माझाही वाटा आहे. लेक जर्मनीत नोकरीला आहे आणि टिकलीला पुढेमागे तिकडे न्यायचे तिच्या मनात आहे, हे मी दवाखान्यात पहिल्याच भेटीत बोलले होते. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे चिप आधी आणि रेबीजची लस नंतर, असा क्रम लागतो. चिप नसताना दिलेली लस प्रवासासाठी धरलीच जात नाही. आमच्याकडे लस तिसऱ्या महिन्यात झाली आणि चिप साडेपाचव्या. परिणामी लस पुन्हा द्यायची, त्यानंतर किमान 30 दिवसांनी रक्त मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचे, प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरला 0.5 आंतरराष्ट्रीय एककाच्या खाली नको, आणि भारतातून जायचे असल्यामुळे रक्त घेतल्या दिवसापासून आणखी तीन महिने थांबायचे. ज्यांच्या घरातले कुणी परदेशी आहे, त्यांनी म्हणूनच नसबंदीची वाट न पाहता तीन महिने पूर्ण झाल्यावर, रेबीजच्या लशीच्या त्याच भेटीत, लशीआधी चिप बसवून घ्यावी. बाकीच्यांना नसबंदीची वेळ सोयीची आहे. इंग्लंडमध्ये 10 जून 2024 पासून पाळीव मांजराला 20 आठवड्यांचे होण्याआधी चिप बसवणे कायद्याने बंधनकारक आहे, नाहीतर 500 पौंडांपर्यंत दंड होतो. आपल्याकडे मांजरांसाठी देशभर लागू असा नियम नाही. गाई-म्हशींच्या कानात 12 अंकी पिवळा बिल्ला मात्र गावोगाव दिसतो.

दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, फटाक्यांच्या आवाजाने बिथरलेला बंड्या उघड्या दारातून जिन्यात आणि तिथून खाली पळाला. रात्री एकपर्यंत आम्ही दुधाची वाटी वाजवत फिरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला अनोळखी नंबरावरून फोन आला. पलीकडच्या सोसायटीतले वॉचमन काका विचारत होते, “ताई, पिवळं मांजर तुमचंच ना? जनरेटरच्या मागं बसलंय, निळा पट्टा हाये.” त्यांनी मोबाइलच्या टॉर्चमध्ये अंक वाचले होते. त्यांच्या जागी मी असते आणि पट्टा नसता, तर एका भेदरलेल्या बोक्याला पिशवीत घालून स्कॅनर असलेला दवाखाना शोधत मी फिरले असते का, याचे उत्तर मला प्रामाणिकपणे “नाही” असेच द्यावे लागते. म्हणून आजच्या पुण्यात रोजच्या उपयोगासाठी मी पट्ट्याला वरचे स्थान देते, आणि तो सुटून पडेल त्या दिवसासाठी चिप ठेवते.

निळा पट्टा फेब्रुवारीत खिडकीच्या जाळीत लोंबकळताना मिळाला, बकल सुटलेले आणि बंड्या आत गादीवर झोपलेला. आता दुसऱ्या कंपनीचे पाकीट आणले आहे. तिन्ही पट्टे कडीला टांगून ओढले. सर्व दोन किलोच्या आत सुटले.