रक्तातील अमिनो आम्लांची तपासणी: आकडे चोख, सल्ला अपुरा

लठ्ठपणाच्या संदर्भात एका लॅबतर्फे केली जाणारी रक्तातील अमिनो आम्लांची (प्रथिने ज्यांपासून बनतात त्या घटकांची) तपासणी मी नुकतीच करून घेतली. आकड्यांबद्दल तक्रार नाही. त्यांच्याखाली छापलेला सल्ला मात्र पटला नाही.

नमुना घेण्याचे काम उत्तम झाले. रात्रभर उपाशी राहून येण्याची सूचना स्पष्ट होती आणि रक्त काढताच नळी बर्फात ठेवून प्लाझ्मा (रक्तातील पेशीविरहित द्रव) लगेच वेगळा करण्यात आला. यात हयगय झाली आणि तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातील आर्जिनेज हे विकर आर्जिनिन या अमिनो आम्लाचे ऑर्निथिन हे दुसरे अमिनो आम्ल करून टाकते व दोन्ही आकडे बिघडतात.

अहवालात ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही अमिनो आम्ले वाढलेली होती आणि शेजारी शेरा होता: ‘प्रथिने कमी करा.’ लठ्ठपणात ही आम्ले वाढतात हे १९६९ सालीच नोंदले गेले आहे, पण त्याचा सगळा दोष आहारावर टाकता येत नाही. इन्सुलिनला नीट दाद न देणाऱ्या चरबीच्या ऊतींत आणि यकृतात या आम्लांचे विघटन मंदावते, म्हणून ती रक्तात साचतात. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील अभ्यासात तर या तिन्हींसह टायरोसिन व फेनिलअ‍ॅलनिन यांची वाढ मधुमेहाच्या निदानाआधी १२ वर्षांपर्यंत दिसून आली होती. तेव्हा शेऱ्यात साखर आणि इन्सुलिन तपासून घ्या, असे हवे होते. वजन उतरत असताना प्रथिने तोडली, तर स्नायू झिजतात, ही जोखीम वेगळीच.

‘रोगप्रतिकार निर्देशांक’ हा रकाना मला सर्वांत खटकला. तो ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून शरीरात बनणारे किन्युरेनिन व खुद्द ट्रिप्टोफॅन यांच्या गुणोत्तरावर बेतलेला आहे. दाह (शरीराची सूज आणणारी प्रतिकारक्रिया) असला की ट्रिप्टोफॅन किन्युरेनिनकडे वळते आणि लठ्ठपणात हे गुणोत्तर वाढते, हे खरेच. पण साध्या संसर्गातही ते वाढते. शिवाय लठ्ठपणातील दाहाची मुख्य घडामोड चरबीत चालते. तेथे मॅक्रोफेज या भक्षक पेशींची संख्या खूप वाढते, मेलेल्या मेदपेशीभोवती त्या कडे करून बसतात आणि दाह पेटता ठेवतात, तर दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशी पोटातील चरबीत घटतात. दंडातून घेतलेल्या नमुन्यात यांतले काहीच थेट दिसत नाही, म्हणून त्या गुणोत्तराला एवढे भारदस्त नाव देणे मला अनुचित वाटते.

डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी सुचवली असेल, तर ही तपासणी येथे अवश्य करावी. केवळ शेरा वाचून आहार बदलू नये. लॅबने तो रकाना काढून टाकावा, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.