चरबी जाळायला कोणता ताण निवडावा: चालण्याचा, उपासाचा, गारठ्याचा की वाफेचा?

जिम लावू, सोळा तासांचा उपास धरू, पहाटे गार पाण्याने आंघोळ करू, की स्टीम बाथचं पॅकेज घेऊ? चारही गोष्टी पेशीला ताण देतात, आणि ताण आला की पेशी ठरावीक प्रथिनं कामाला लावते. ‘हीच प्रथिनं चरबी जाळतात’ असं सांगून चारही खपवल्या जातात. निवड करायची असेल तर मी दोन प्रश्न विचारते. चरबीतून सुटणाऱ्या मेदाम्लांना मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या चुलीत, शिरायची वाट मोकळी होते का? आणि आत गेल्यावर ती जाळण्याची गरज आहे का?

दुसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे शाळेत शिकलेल्या तंतुकणिका, ही पेशीची चूल खरी, पण ती आपणहून भडकत नाही. पेशीने जेवढं एटीपी, म्हणजे ऊर्जेचं चलन, खर्च केलं, साधारण तेवढं भरून काढण्यापुरतीच ती पेटते.

चालताना हा खर्च आधी होतो. स्नायूतलं एटीपी उतरू लागलं की एएमपीके हे प्रथिन जागं होतं आणि मॅलोनिल-कोए हा रेणू कमी करतं. मायटोकॉन्ड्रियाच्या दारावर सीपीटी १ नावाचं प्रथिन मेदाम्लांना आत घेतं, आणि मॅलोनिल-कोए नेमका त्यालाच अडवून धरतो. मॅकगॅरी आणि फॉस्टर या संशोधकांनी १९७७ साली हे दाखवलं. अडसर निघाला की मेदाम्लं आत जातात. १६ कार्बनच्या पामिटिक आम्लाचे सात फेऱ्यांत आठ तुकडे होतात आणि ते लगेच कामी येतात, कारण स्नायू मागतोच आहे. पुढे आठवड्यांच्या सरावाने पीजीसी १-अल्फा हे प्रथिन नव्या मायटोकॉन्ड्रियाही उभ्या करतं, म्हणजे चुलींची संख्याच वाढते. वेग मात्र बोलता येईल पण गाता येणार नाही इतपतच ठेवा. धाप लागली की स्नायू साखरेकडे वळतो.

व्यायामासोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. जर्मनीत २००९ साली झालेल्या प्रयोगात चार आठवडे अशा गोळ्या घेणाऱ्यांमध्ये व्यायामाने शरीराच्या इन्सुलिनला मिळणाऱ्या प्रतिसादात होणारी सुधारणा दिसलीच नाही. गोळ्यांमुळे ताणाचा निरोप पेशीपर्यंत पोचण्याआधीच पुसला गेला.

उपासात इन्सुलिन उतरतं, त्यामुळे मॅलोनिल-कोए कमी होतो आणि दार उघडतं. यकृतातलं सर्टुइन ३ हे प्रथिन मेद तोडणाऱ्या एका विकरावर चिकटलेले ॲसिटिल गट नावाचे छोटे रासायनिक तुकडे काढून त्याला मोकळं करतं. २०१० साली उंदरांवर हे सिद्ध झालं; ज्यांच्यात हे प्रथिन नव्हतं, त्यांच्या यकृतात उपासाच्या वेळी मेद साठला. पण उपासाने इंधन बदलतं, खर्च वाढत नाही. संध्याकाळी भरपेट जेवलात की जमाखर्च पुन्हा बरोबरीत येतो. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये १३९ स्थूल लोकांवर वर्षभर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले: ठरावीक आठ तासांत आणि उष्मांक मोजून खाणाऱ्यांचं वजन ८ किलोंनी, नुसतं मोजून खाणाऱ्यांचं ६.३ किलोंनी घटलं, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. आपल्याकडच्या उपासाचं तर आणखीच वेगळं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. खिचडीची वाटी पोटात गेली की इन्सुलिन चढतं आणि उघडलेलं दार पुन्हा लागतं.

गारठ्याचा नियम निराळा. तपकिरी मेद म्हणजे उष्णता निर्माण करणारी खास चरबी; तिच्यातलं यूसीपी १ हे प्रथिन मायटोकॉन्ड्रियाला जाणूनबुजून गळती लावतं. एटीपी न बनवता सरळ उष्णता निघते, म्हणून इथे मागणीची अट लागत नाही. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी २००९ साली २४ पुरुषांना १६ अंशांत बसवलं, तेव्हा २३ जणांत हा मेद जागा झालेला दिसला. तरी प्रौढांत तो असतो थोडासाच, आणि त्यांना थंडीत दोन मिनिटं नव्हे, बराच वेळ बसावं लागलं होतं. अशीच गळती औषधाने लावण्याचा प्रयत्न १९३० च्या दशकात डायनायट्रोफेनॉल या रसायनाने झाला. माणसं आतून तापून मेली. हा पदार्थ आजही ‘फॅट बर्नर’ म्हणून ऑनलाइन विकला जातो. कोणी कितीही खात्री दिली तरी हात लावू नका.

वाफेचं थोडक्यात सांगते. रितोसा या इटालियन शास्त्रज्ञांना १९६२ साली फळमाशीत उष्णतेला पेशी देते तो प्रतिसाद सापडला, त्यातूनच हीट शॉक प्रथिनांचा शोध लागला. त्यातलं एचएसपी ७२ स्नायूत वाढवलेल्या उंदरांत मायटोकॉन्ड्रिया वाढल्या, हेही खरं. पण ते प्रथिन जनुकबदलाने वाढवलेलं होतं. स्टीम बाथनंतर काट्यावर जे कमी दिसतं, ते पाणी असतं.

दोन्ही प्रश्नांना ‘हो’ आणि तेही पुरेशा प्रमाणात, असं उत्तर चालण्याचंच येतं, म्हणून एकच निवडायचं असेल तर ते. कमी खाणं जमत नसेल आणि वेळ पाळणं जमत असेल, तर जोडीला उपास घ्या. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर उपासाआधी मात्रा बदलायची का हे डॉक्टरांना विचारा, कारण साखर अचानक उतरू शकते. स्टीम बाथच्या पॅकेजचे पैसे चांगल्या बुटांवर घाला.