बायबलमधले आकडे: कोड, गेमात्रिया की रचना?

बायबलमधल्या आकड्यांचा अभ्यास करावासा वाटला की तीन वाटा दिसतात, आणि तिन्हींना सरसकट ‘बायबलचं अंकशास्त्र’ म्हटलं जातं. प्रत्यक्षात त्या एकमेकींपासून फार लांबच्या आहेत. माझा सल्ला आधीच सांगतो: रचनेपासून, म्हणजे वचनांच्या मोजणीपासून आणि मांडणीपासून सुरुवात करा, मग गेमात्रिया, म्हणजे अक्षरांच्या आकड्यांची बेरीज शिका, आणि ‘बायबल कोड’मध्ये वेळ घालवू नका.

कोडची पद्धत अशी: हिब्रू मजकुरातली ठरावीक अंतरावरची अक्षरं उचलायची आणि त्यांतून नावं, तारखा शोधायच्या. 1994 मध्ये विट्झटम, रिप्स आणि रोझेनबर्ग यांचा याविषयीचा लेख ‘स्टॅटिस्टिकल सायन्स’मध्ये आला, म्हणून याला वजन मिळालं. त्याच नियतकालिकात 1999 मध्ये ब्रेंडन मकाय आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की नावांची रूपं निवडण्यात एवढी मोकळीक होती की हवा तो निकाल काढता यावा. मकायने तर ‘मोबी डिक’ या कादंबरीतून नेत्यांच्या हत्यांची ‘भाकितं’ काढून दाखवली. शिवाय मृत समुद्राजवळ सापडलेल्या बायबलच्या प्राचीन हस्तलिखित गुंडाळ्यांमध्ये शब्दांचं स्पेलिंग जागोजागी वेगळं आहे. एक अक्षर कमीजास्त झालं की पुढचं सगळं अंतर बिघडतं.

गेमात्रियाचं तसं नाही. हिब्रूत अक्षरंच आकड्यांचं काम करतात: आलेफ 1, योद 10, कोफ 100. अक्षरांतून संख्या लिहिण्याची आपल्याकडची जुनी कटपयादी पद्धत आठवेल, पण तिथे अक्षरांतून स्थानानुसार संख्या बनते, इथे नुसती बेरीज होते. दावीद म्हणजे 4 + 6 + 4, एकूण 14. आता मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडा. तिथल्या येशूच्या वंशावळीत चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट आहेत, आणि योराम ते उज्जीया यांच्यामधले तीन राजे गाळलेले आहेत. चौदा हा आकडा लेखकाला हवा होता, हे उघड आहे. तो दावीदाच्या नावावरूनच आला, हा मात्र अंदाज. शुभवर्तमान ग्रीकमध्ये आहे, आणि ही बेरीज हिब्रू अक्षरांची. तरी अंदाज मला पटतो.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, प्रकटीकरणातल्या, 666 या श्वापदाच्या आकड्याचा पुरावा याहून भक्कम. ‘नेरोन कैसर’, म्हणजे रोमन सम्राट नीरो, हे हिब्रू अक्षरांत लिहिलं तर बेरीज 666 येते. लॅटिन वळणाने ‘नेरोन’मधला शेवटचा ‘न’ गाळला तर 616, आणि इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसला सापडलेल्या प्रकटीकरणाच्या एका जुन्या पपायरसवर नेमका 616 आहे. दोन्ही आकडे एकाच नावाशी जुळतात.

पण इथेच पाय घसरतो. उत्पत्तीच्या पहिल्या वचनाची बेरीज 2701, म्हणजे 37 × 73. सुंदर आहे, खरं आहे. मात्र हिब्रू अक्षरं आकडे म्हणून वापरल्याचा स्पष्ट पुरावा मिळतो तो इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातल्या हास्मोनी या ज्यू राजांच्या नाण्यांवर, आणि उत्पत्तीचं लेखन त्याच्या कितीतरी आधीचं. लेखकाने ही बेरीज साधली असं म्हणायला आधार नाही. गेमात्रियासाठी बावीस अक्षरं शिकावी लागतील. त्याचं दडपण नको. पंडिता रमाबाईंनी तर अख्खं बायबल मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं होतं.

रचनेसाठी तेवढंही लागत नाही, घरातलं मराठी बायबल पुरतं. स्तोत्र 119 मध्ये 176 वचनं आहेत: बावीस अक्षरं, प्रत्येकाला आठ वचनं, मुळात त्या त्या अक्षराने सुरू होणारी. आज रात्री विलापगीत, म्हणजे यरुशलेमच्या नाशावरचं बायबलमधलं पुस्तक, काढा आणि वचनं मोजा. पहिला, दुसरा आणि चौथा अध्याय 22-22 वचनांचे, तिसरा 66 चा, आणि हे चारही मुळात वर्णमालेच्या क्रमाने बांधलेले. पाचव्यातही 22 वचनं आहेत, पण तिथे अक्षरांचा क्रम राहिलेला नाही. यरुशलेम उद्ध्वस्त झालंय, शोक करणाऱ्याच्या हातून वर्णमाला सुटलीय, बावीसची मोजणी मात्र त्याने सोडलेली नाही.