सुट्ट्यांऐवजी काय: टपाल तिकीट की दुकानाचं टोकन?

मालवणच्या बाजारात सुटे नसले की दुकानदार हातावर गोळी ठेवतो. लाल डब्यातला कंडक्टर तिकिटामागे बाकी लिहून देतो. दोन्ही उपाय जुनेच.

अमेरिकेत यादवी युद्धात, 1862 साली, लोकांनी नाणी दडवली. आधी सुट्ट्यांच्या जागी टपाल तिकिटं आली. तिकिटामागे सरकार उभं, त्यामुळे किमतीची शंका नाही. पण मागचा गोंद! कोकणातल्या आषाढात खिशात चार तिकिटं ठेवून बघा, संध्याकाळी त्यांचा एकच लगदा निघेल. त्यावर जॉन गॉल्ट या गृहस्थाने पितळी चकतीत तिकीट बसवून वर अभ्रक लावलं आणि 1862 मध्येच पेटंट घेतलं. युक्ती नामी, पण खर्चिक.

टोकन म्हणजे सेंटच्या आकाराची, बहुधा तांब्याची चकती, वर दुकानाचं नाव. भिजू दे, पडू दे, काही बिघडत नाही. शिवाय फुकटची जाहिरात. गोची एवढीच, की चकती शेवटी दुकानदाराच्या शब्दावर चालते. न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर या दारूविक्रेत्याने भरमसाट टोकनं काढली. ट्रामकंपनी ती साठवून बदलून मागायला गेली, तर पठ्ठ्याने चक्क नकार दिला. 1864 मध्ये कायद्यानेच अशी खासगी नाणी बंद झाली.

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धात सरकारनेच 1943 मध्ये धातू वाचवणारा भोकाचा पैसा काढला.

मला विचाराल तर ओळखीच्या वाण्याकडे टोकन, परक्या गावात तिकीट. पावसाळ्यात मात्र टोकनच.