झाड हलवून देतो म्हणाला: ₹69,500 गेले, सोनचाफाही गेला

जुना बंगला पुनर्विकासाला देताना अंगणातलं झाड दुसरीकडे हलवायचा विचार असेल, तर कुणालाही ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. आमचे ₹69,500 गेले, बहरातला सोनचाफा मेला, आणि विनापरवाना झाड काढल्याची नोटीस आली ती आमच्याच नावाने. ज्याने हे केलं तो आजही कामं घेतोय. त्याचं नाव आणि शहर लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे आणि वकिलांनी बजावलंय. पण त्याची पद्धत सांगते. नाव बदलून, गाव बदलून हेच करणारे आणखीही असतील.

झाड सासूबाईंनी 2012 मध्ये लावलेलं, कलमी. उंची दोन मजल्यांच्या आसपास, बुंध्याचा घेर 18 इंच. बिल्डरने 15 मेपर्यंत प्लॉट मोकळा करून मागितला होता. धाकट्या दिरांचं शेत साताऱ्याच्या पुढे आहे, विहिरीला पाणी आहे, तिथे न्यायचं ठरलं. यात हौस किंवा उधळपट्टी काही नव्हती. सासूबाई 81 वर्षांच्या आहेत, घर पडणार हेच त्यांना पचत नव्हतं. मी चार नर्सऱ्यांमध्ये विचारलं. दोघांनी सरळ "एप्रिलमध्ये नको, जगणार नाही" म्हणून सांगितलं. त्यांचं ऐकायला हवं होतं असं आता सगळे म्हणतात. तारीख बिल्डरच्या हातात होती, माझ्या नाही, हे कुणी लक्षात घेत नाही.

हा माणूस ओळखीतून आला, म्हणून शंका घेतली नाही. मैत्रिणीच्या सोसायटीत त्याने दोन पाम हलवले होते, ते आजही उभे आहेत. त्याचं सगळं बोलणं अर्धं खरं होतं, आणि अर्ध्या खऱ्याला माणूस फसतो. "ताई, जेसीबीने मुळं फाटतात. आम्ही हातानं काढतो, कुदळ-पहारीनं, एकेक मूळ बघून. वडिलांपासून हेच करतोय." हाताने नीट काढलेलं झाड जास्त जगतं, हे खरंच आहे. मोबाइलमध्ये त्याने पन्नासेक फोटो दाखवले. वड, पिंपळ, उंबर, पाम, देवचाफा. देवचाफ्याची फांदी तोडून मातीत खोचली तरी फुटते, आणि वड-पिंपळ भिंतीतून उगवतात. सोनचाफ्याची मुळं मात्र मांसल, ठिसूळ असतात, दुखावली की सहज सावरत नाहीत. फोटो बघताना तुमच्याच जातीचं झाड मागा, आणि ते आज कसं दिसतं ते मागा. लावल्या दिवशी प्रत्येक झाड हिरवंच दिसतं.

सौदा ₹62,000 ला ठरला. ₹25,000 ॲडव्हान्स, ₹20,000 झाड निघाल्यावर, ₹17,000 नवी पालवी आल्यावर. हा शेवटचा हप्ता ऐकूनच मला विश्वास वाटला. पालवी फुटल्याशिवाय पैसे नाहीत म्हणणारा माणूस चोर कसा असेल? आता हिशेब कळतो. ₹45,000 हातात पडले की त्याला ते ₹17,000 नकोच असतात. शिवाय "परवानगी काढायला" म्हणून ₹9,500 रोख घेतले. "उद्यान खात्यात माझी रोजची ये-जा आहे, तुम्ही उन्हात कुठे फिरता?" चार दिवसांनी शिक्का, सही, जावक क्रमांक असलेला कागद आणून दिला. हायड्रा क्रेनचे म्हणून ₹7,500 आदल्या रात्री ऑनलाइन मागून घेतले.

झाड हाताने कसं काढतात हे मी नंतर एका जुन्या, जाणत्या माळ्याकडून समजून घेतलं. आधी समजून घेतलं असतं तर हा माणूस पहिल्या तासात उघडा पडला असता, म्हणून सविस्तर लिहिते. बुंध्याची जितकी जाडी, त्याच्या निदान दहापट रुंदीचा मातीचा गोळा मुळांसकट निघायला हवा. आमच्या बुंध्याची जाडी पावणेसहा इंच, म्हणजे गोळा पावणेपाच फूट रुंद आणि दोन-अडीच फूट खोल. तोसुद्धा एका दिवसात नाही. काही महिने आधी झाडाभोवती अर्धा चर खणतात, मुळं करवतीने साफ कापतात, चर शेणखत-मातीने भरतात. दीड-दोन महिन्यांनी उरलेला अर्धा. तेवढ्यात कापलेल्या टोकांना बारीक मुळं फुटतात, आणि झाडाला पाणी तीच ओढून देतात. मग पावसाळ्याच्या तोंडाशी, आदल्या दिवशी भरपूर पाणी घालून, खालून कोरत जाऊन गोळा मोकळा करायचा, जागेवरच गोणपाट आणि काथ्याने घट्ट बांधायचा, आणि मग उचलायचा. नव्या जागी पूर्वीच्याच पातळीला लावायचा, इंचभरही खोल नाही. असा गोळा टनाच्या वर भरतो.

आमच्याकडे सकाळी सात वाजता तो, दोन मजूर आणि टेम्पोवाला आले. झाडाला पाणी घालू नका, माती जड होते, असं त्याने आधीच सांगितलं होतं. चर बुंध्यापासून जेमतेम दीड फुटावर धरला. मी विचारलं, इतक्या जवळ? तर म्हणाला, "सोटमूळ वाचलं की झाड वाचलं." करवत आणलीच नव्हती. कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत होते. मी ओट्यावर उभी होते, तर "ताई, पोरांसाठी चहा टाका, सकाळपासून उपाशी आहेत" म्हणाला. चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तेव्हा झाड आडवं होतं आणि बुंध्याखाली गोणपाटात बांधलेला गुबगुबीत गोळा तयार होता. वर सुतळीची जाळीही विणलेली.

त्या क्षणी सगळं समोर होतं. हायड्रा आलीच नव्हती. "दुसऱ्या साइटवर अडकली, आम्हीच उचलतो" म्हणाला, आणि चौघांनी तो गोळा उचलून छोट्या हत्तीत ठेवला. चार माणसांनी! त्यातला एक टेम्पोचा ड्रायव्हर. टनभर माती चार माणसं उचलत नाहीत. आणि उचलताना गोणपाटाच्या शिवणीतून माती सांडली, ती लाल होती. आमच्या अंगणात काळी माती आहे, कायम काळीच आहे, पावसात चपलांना चिकटते ती. लाल माती त्याच्या टेम्पोतल्या पोत्यांमधली होती. मी ती पायरीवर पडलेली पाहिली, बोटांत धरून चोळली, विचारलंसुद्धा. "पोषक माती वरून भरलीय ताई, प्रवासात मुळांना गारवा राहतो." मी ते मान्य केलं. पाठीमागे सासूबाई खिडकीत उभ्या होत्या, रस्त्यात टेम्पोमागे गाड्या हॉर्न मारत होत्या, झाड तर निघालंच होतं. त्या वेळी हरकत घेऊन मी काय करणार होते? ते परत खड्ड्यात उभं करता येत नव्हतं. तरी तिथेच ₹20,000 अडवता आले असते, आणि मी ते उभ्या उभ्या पाठवले. ही गोष्ट रात्री झोप लागू देत नाही.

गोळा बांधताना तिथून हलू नका. चहा शेजाऱ्यांकडून मागवा. बांधायच्या आधी गोळ्याचा चारही बाजूंनी व्हिडिओ घ्या. माती तुमच्या अंगणातलीच दिसली पाहिजे.

शेतावर लावल्यावर आठवड्यात पानं तपकिरी झाली. त्याला फोटो पाठवले. "शॉक आहे, सोनचाफा पानं टाकतोच." पण झाड पानं टाकत नव्हतं. पानं करपून फांदीलाच लटकली होती. हा फरक लक्षात ठेवा. झाड जगायची धडपड करत असेल तर पानं पिवळी पडून स्वतःहून गळतात. पानं जागच्या जागी वाळून चिकटून राहिली तर फांदीला पानं गाळायचंही बळ उरलेलं नाही. मला हे माहीत नव्हतं, म्हणून "मुळं फुटायचं हार्मोन आणि बुरशीनाशक" यासाठी ₹4,800 आणि शेडनेट-बांबूसाठी ₹2,700 आणखी गेले. बाटलीवर लेबल नव्हतं. नखाने साल खरवडली तर खाली हिरवं काही नव्हतं, वरपासून खालपर्यंत सगळं कोरडं.

मग दिरांनी ते उकरलं. गोणपाटाच्या आत प्लॅस्टिकचा कागद होता, तोही काढलेला नव्हता. कागद कापताच सगळी लाल माती एकदम ढासळली. आत तीन जाड मुळं, प्रत्येक फूट-सव्वा फुटावर तोडलेलं. टोकं कुऱ्हाडीने चेचलेली, एक उभं चिरलेलं. बारीक मूळ औषधालाही नव्हतं. खोटा गोळा! लाकडाच्या ओंडक्याला माती बांधून आम्हाला साताऱ्यापर्यंत भाडं भरायला लावलं. मुळं मी पोत्यात भरून ठेवली आहेत. फेकू नका, पुरावा आहे.

त्याला फोन केला तर म्हणाला, तुम्ही पाणी जास्त घातलं. मग म्हणाला, कमी घातलं. मग उरलेले ₹17,000 मागितले. मग नंबर ब्लॉक.

आता कार्यालयांचं. बिल्डरच्या माणसाने प्लॉटची कागदपत्रं जमा केली तेव्हा उद्यान खात्यातून विचारणा झाली की नोंदीतला सोनचाफा कुठे आहे. मी तो परवानगीचा कागद घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी जावक क्रमांक तपासला. तो दुसऱ्याच वॉर्डातल्या एका अर्जाचा निघाला, फांद्या छाटण्याचा. म्हणजे कागद बनावट. मला वाटलं, आता तरी हे चिडतील, यांच्याच शिक्क्याची नक्कल झालीय. तर मलाच विचारलं, "अर्ज तुमच्या नावाने का केला नाही?" आणि महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 खाली नोटीस काढली. त्या कायद्यात झाडाला इजा करणं हेही तोडण्यातच मोडतं, आणि जमीन ज्याच्या नावावर त्यालाच जाब विचारतात. कायदा चांगला आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण शिक्का ज्याने बनवला त्याची साधी चौकशी नाही? बनावट कागदाची तक्रार लेखी द्या म्हणाले. दिली. आवक शिक्का मारायला कारकुनाने जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बसवून ठेवलं, आणि मग सांगितलं की हे मुख्य कार्यालयात द्या. मुख्य कार्यालय म्हणतं वॉर्डात द्या. पाहणीला येणारे निरीक्षक येतच नव्हते, आणि आले तेव्हा प्लॉटवर पत्रे ठोकलेले होते, म्हणून "जागा बंद" असा शेरा मारून परत गेले. बिल्डरचं काम मात्र एक दिवस थांबलं नाही.

पोलीस चौकीत तर बोलायलाच लाज वाटावी असं वागवलं. "मॅडम, झाड मेलं म्हणून गुन्हा? हे दिवाणी आहे, कोर्टात जा." मी मुळं आणि कागद दाखवला. हवालदार हसले. मी झाडाच्या जिवाची फिर्याद घेऊन गेले नव्हते. खोटी परवानगी देऊन ₹9,500, न आलेल्या क्रेनचे ₹7,500 आणि मुळं नसलेला गोळा मुळांचा म्हणून विकून घेतलेले पैसे ही फसवणूकच आहे. पूर्वी तिला लोक 420 म्हणत, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे. शेवटी अदखलपात्र नोंद करून कागदाचा चिटोरा हातात दिला. तेवढ्यावर गप्प बसू नका. ठाण्यात घेत नसतील तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, शहरात असाल तर आयुक्तालयात पाठवता येते, मी तशी पाठवली आहे.

जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज तयार होतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. पण तिथे बिल मागतात, आणि माझ्याकडे बिल नाही. ₹9,500 रोख दिले त्याचा काही पुरावा नाही. बाकीचे ₹60,000 ऑनलाइन गेले म्हणून निदान दिसतात. परवानगीचे पैसे खिडकीवर, स्वतःच्या नावाने, पावती घेऊनच भरा. मध्यस्थाच्या हातात एक रुपया देऊ नका, तो कितीही वर्षं त्या खात्यात जात असला तरी.

आणि वेळ हातात असेल तर झाडाची कलमं आधीच बांधून घ्या. वर्षभर आधी माळ्याला बोलावलं असतं तर त्याच सोनचाफ्याची दोन-तीन रोपं आज शेतावर उभी असती, चार-पाच हजारांत. हे त्या चार नर्सऱ्यांपैकी एकानेही सुचवलं नाही, याचाही मला राग आहे.

मैत्रिणीने परवा त्याचं स्टेटस दाखवलं. "यशस्वी स्थलांतर, सोनचाफा", आणि फोटो आमच्या झाडाचा, शेतावर उभं केलं त्या संध्याकाळचा, मागे दिरांची विहीर. हिरव्या पंपशेडशेजारचा असा फोटो तुम्हाला कुणी दाखवला तर त्याला काम देऊ नका आणि मला कळवा. खोटा परवानगी कागद ज्यांना ज्यांना मिळालाय त्यांनी तो फाडून टाकू नका. चार-पाच तक्रारदार एकत्र आले तर पोलिसांना हे दिवाणी म्हणता येणार नाही, असं वकिलांचं मत आहे.